प्रत्येक भाषणाचा हेतू ‘लोकजागृती’च कसा निघतो? मदत हवी

बारावीची_बाई

नमस्कार मंडळी. धागा जरा लांबलाय पण पूर्ण वाचा, मला खरंच मदत हवीय.

मी तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजला इतिहास शिकवते. यंदा ठरवलं की धड्यातल्या उताऱ्यावर थांबायचं नाही, एखादं अख्खं भाषण नाहीतर जुनं पुस्तक मुलांच्या हातात द्यायचं आणि त्यांचं त्यांना वाचू द्यायचं. सुरुवात बाबासाहेबांच्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतल्या भाषणापासून केली, मराठी भाषांतराच्या झेरॉक्स काढल्या, दोन तास नुसतं वाचन घेतलं आणि मग दोनच प्रश्न दिले. हे भाषण त्यांनी कशासाठी केलं, आणि म्हणणं पटवायला काय काय पुरावा दिला.

वह्या घरी आणल्या, तपासायला बसले तर जवळजवळ सगळ्यांचं पहिलं वाक्य एकच, "वक्त्याचा हेतू लोकजागृती करणे हा होता." पुराव्याखाली, "वक्त्याने आकडेवारी, उदाहरणे व थोरांचे विचार दिले आहेत, त्यामुळे भाषण प्रभावी झाले आहे." झालं, संपलं उत्तर. मागे टिळकांच्या अग्रलेखावर विचारलं होतं तेव्हाही लोकजागृती, फुल्यांवर विचारलं तेव्हाही लोकजागृती. वरचं नाव झाकलं तर उत्तर कुणावरचं आहे हे ओळखताच येणार नाही. आणि मुलं मठ्ठ अजिबात नाहीत हो, हीच मुलं ग्रामसभेत सरपंच काल असं का बोलले, कुणाला लावून बोलले, कुठली गोष्ट मुद्दाम गाळली हे दोन मिनिटांत सांगतात. कागदावर छापलेलं काही आलं की मात्र ते डोकं बाजूला ठेवून गाईडची भाषा सुरू होते.

खरं सांगायचं तर दोन ठिकाणी मी स्वतः अडलेय. एका मुलीने विचारलं, "बाई हेतू तर माणसाच्या मनात असतो, तो माणूस आता नाही, मग आमचं उत्तर बरोबर की चूक तुम्ही कशावरून ठरवता?" आणि एक मुलगा, अतिशय मनापासून वाचणारा, तो म्हणाला, "बाबासाहेबांनी सांगितलंय म्हणजे ते खरंच असणार, त्यांचा पुरावा तपासणारे आपण कोण?" त्याच्या आवाजात जो आदर होता तो मला दुखवायचा नव्हता म्हणून मी घंटेचं निमित्त करून विषय पुढे नेला आणि ते मला अजून टोचतंय. या दोघांना काय उत्तर द्यायचं? कुणी मूळ कागदांवर काम केलं असेल, वाचन गट चालवत असेल तर कृपया सांगा.

—

कोर्टाची_पायरी

ताई, तुमच्या त्या मुलीचा प्रश्न कोर्टात रोज उभा राहतो. मनात काय होतं ते कुणालाच दिसत नाही, म्हणून बाहेर जे दिसतं त्यावरून ते ठरवावं लागतं, शब्द कुठले वापरले, कधी वापरले, कुणासमोर, त्याच्या आधी काय घडलं होतं, त्याच माणसाने दुसरीकडे काय लिहिलंय. याला सगळ्यात चांगलं उदाहरण तुमच्याकडे आहेच, टिळकांचा १९०८ चा खटला. त्या खटल्यात लेखकाचा हेतू हाच वादाचा मुद्दा होता, कारण राजद्रोहाच्या १२४अ कलमाखाली या लेखांनी सरकारविरुद्ध अप्रीती पसरवायची होती का यावर सगळं अडलं होतं. लेख दोन, १२ मे चा ‘देशाचे दुर्दैव’ आणि ९ जून चा ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’.

आता बघा पुरावा कसा होता ते. सरकारने लेखांची इंग्रजी भाषांतरं पुढे केली. ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी, ते लेख त्यांच्यापर्यंत पोचले ते भाषांतरातूनच, मग टिळक उभे राहून भाषांतरातल्या शब्दांवरच बोट ठेवतात की मूळ मराठी शब्दाचा हा अर्थ नाही, तुम्ही याचा रंग बदललाय. हेतूचा अख्खा खटला एका एका शब्दाच्या अर्थावर येऊन थांबतो. दुसरा पुरावा म्हणजे झडतीत सापडलेलं एक पोस्टकार्ड, त्यावर स्फोटकांविषयीच्या दोन पुस्तकांची नावं. सरकार म्हणतं बघा यांच्या डोक्यात काय चाललंय, टिळक म्हणतात नवा स्फोटकांचा कायदा आलाय, त्यातल्या व्याख्येवर टीका लिहायची तर पुस्तकं बघायला नकोत का? कागद एकच, हेतू दोन. वर्गात नुसतं हे पोस्टकार्ड दिलंत तरी तास रंगेल, कुठला अर्थ जास्त टिकतो आणि ते ठरवायला अजून कुठला कागद हवा हे मुलांनाच विचारा.

आणि टिळकांच्या बचावाचा गाभा काय होता तर हे लेख एकटे वाचू नका. मुझफ्फरपूरला इंग्रज न्यायाधीशाला मारायला टाकलेल्या बाँबनंतर अँग्लो-इंडियन, म्हणजे इथल्या इंग्रजांच्या, वर्तमानपत्रांनी जे लिहिलं होतं त्याला हे उत्तर आहे, म्हणून त्यांनी वर्तमानपत्रांची कात्रणं कोर्टात दाखल केली. वाद चालू असताना एका बाजूचं बोलणं तेवढं उचलून हेतू ठरवता येत नाही असं त्यांचं म्हणणं. ज्युरीला ते पटलं नाही, सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरले आणि सहा वर्षांची शिक्षा झाली, पण वाचायची रीत म्हणून मला ते आजही बिनतोड वाटतं.

अजून एक. त्यांनी ज्युरीपुढे सगळं मिळून २१ तासांच्या वर भाषण केलं. कायदा, जुने निकाल, शब्दांचे अर्थ, सगळं ज्युरीला पटवण्यासाठी. निकाल लागल्यावर मात्र ते मोजकी चार वाक्यं बोलले, ज्युरीने काहीही म्हटलं तरी मी निर्दोष आहे, आणि या न्यायासनाहून वरची शक्ती जगाचं सूत्र हलवते, अशा अर्थाची. त्या क्षणी ज्युरीचं काम संपलं होतं, म्हणजे ही वाक्यं कोर्टाबाहेरच्या माणसांसाठी होती. तोच माणूस, तीच खोली, तोच दिवस, ऐकणारा बदलला तसा हेतू बदलला. भाषणाला एकच हेतू असतो आणि तो एका ओळीत लिहायचा असतो हे आधी मुलांच्या डोक्यातून काढा असं मी म्हणेन.

—

नदीकाठचा

वरचा प्रतिसाद फार आवडला. मी आमच्या गावच्या वाचनालयात दर रविवारी वाचन गट घेतो, हेच २५ नोव्हेंबरचं भाषण आम्ही चार रविवार वाचलं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई, तुमच्या धाग्यातच उत्तर आहे असं मला वाटतं. ग्रामसभेत सरपंच का बोलले हे मुलांना कळतं कारण आदल्या आठवड्यात पाण्याच्या टाकीवरून काय झालं हे त्यांना माहीत असतं. भाषण कशाला उत्तर आहे हे माहीत असलं की हेतू आपोआप दिसतो, आणि तुम्ही मुलांना जे दिलंत त्यात फक्त उत्तर होतं, आधीचं भांडण नव्हतं. माझ्या गटात मी पहिल्या रविवारी भाषण दिलंच नाही. फक्त त्या वेळी घटना समितीवर काय काय आरोप होत होते ते फळ्यावर लिहिलं. फार वेळ लावला, पैसा उधळला, रोम जळत असताना निरो वाजवत बसला होता तसं चाललंय. एका सभासदाने, नझीरुद्दीन अहमद यांनी, ड्राफ्टिंग कमिटीला, म्हणजे मसुदा समितीला, ड्रिफ्टिंग कमिटी म्हटलं होतं, म्हणजे वाहवत चाललेली. हे आरोप बाबासाहेब भाषणात स्वतःच सांगतात, बाहेर शोधायलाही जावं लागत नाही.

आता मग आकडे वाचा. ९ डिसेंबर १९४६ ला पहिली बैठक, तिथून २ वर्षं ११ महिने १७ दिवस, ११ अधिवेशनं. घटना समितीचे सल्लागार बी. एन. राव यांच्या मूळ मसुद्यात २४३ कलमं आणि १३ परिशिष्टं, मसुदा समितीच्या पहिल्या मसुद्यात ३१५ कलमं, शेवटी ३९५ कलमं आणि ८ परिशिष्टं. सुमारे ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यातल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. ‘वक्त्याने आकडेवारी दिली आहे’ म्हणणारा मुलगा इथे थांबतो, पण हा प्रत्येक आकडा वेळ वाया घालवला या आरोपाला दिलेलं उत्तर आहे. अमेरिकेने घटनेचं काम चार महिन्यांच्या आत संपवलं, कॅनडाला २ वर्षं ५ महिने, ऑस्ट्रेलियाला ९ वर्षं, दक्षिण आफ्रिकेला एक वर्ष, ही तुलना तिथेच का येते ते मग लगेच कळतं. आरोप नसता तर एवढ्या मोठ्या भाषणाची सुरुवात हिशोबाने कुणी केली नसती.

पण भाषणाच्या मध्यावर सूर पालटतो आणि पुराव्याची जातही पालटते, ही मला सगळ्यात मोलाची गोष्ट वाटली. हिशोब झाला, आभार मानून झाले, राव यांचे, मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांचे, विरोध करणाऱ्या सभासदांचेसुद्धा. मग ते म्हणतात की इथे थांबता आलं असतं पण मन भविष्याच्या काळजीने भरलंय. इथून पुढे आकडा एकही नाही, कारण भविष्याचा आकडा कुणाकडेच नसतो. इथून पुढे इतिहासातले दाखले येतात. सिंधवर महंमद बिन कासिम चालून आला तेव्हा दाहरच्या सेनापतींनी लाच घेतली, जयचंदाने घोरीला बोलावलं, शिवाजी महाराज लढत असताना बाकीचे मराठे सरदार आणि रजपूत राजे मोगलांच्या बाजूने लढत होते, इंग्रज शीख राज्य बुडवत असताना त्यांचाच सेनापती गुलाबसिंग गप्प बसला, १८५७ ला शीख बघत राहिले. पाच दाखले आणि सगळ्यांचा रोख एकच, स्वातंत्र्य आपल्याच माणसांनी घालवलं होतं, पुन्हा घालवू नका. ही सगळी मांडणी पुढच्या तीन सूचनांसाठी आहे, घटनात्मक मार्ग सोडू नका, आपलं स्वातंत्र्य कुणाही थोर माणसाच्या पायाशी वाहू नका, आणि राजकीय लोकशाहीवर समाधान मानू नका. शेवटच्या सूचनेत ते म्हणतात की २६ जानेवारी १९५० ला आपण विसंगतीच्या आयुष्यात पाऊल टाकतोय, राजकारणात समता आणि सामाजिक, आर्थिक आयुष्यात विषमता. हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं, पण त्याच्या आधी एवढा हिशोब आणि एवढा इतिहास रचलाय हे अख्खं वाचल्याशिवाय जाणवत नाही.

आणखी एक गोष्ट, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर हे भाषण अर्धवट फिरतं तेव्हा मला फार त्रास होतो. सत्याग्रह, असहकार, कायदेभंग हे अराजकाचं व्याकरण आहे एवढंच उचलून पाठवतात आणि खाली लिहितात की बघा बाबासाहेबांचा आंदोलनांना विरोध होता. पण त्याच्या आधीचं वाक्य गाळलेलं असतं. घटनात्मक मार्ग उपलब्धच नव्हते तेव्हा या मार्गांचं पुष्कळ समर्थन करता येत होतं, आता मार्ग खुले झालेत म्हणून ते सोडायला हवेत, असा तो युक्तिवाद आहे. बोलणारा माणूस १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर आणि १९३० ला काळाराम मंदिरासमोर लढा उभारणारा आहे, ते वाक्य त्याने स्वतःचं आयुष्य विसरून म्हटलेलं नाही. शिवाय त्या वेळी तेलंगणात कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा चालू होता, कम्युनिस्टांच्या टीकेचा उल्लेख त्याच भाषणात आहे, म्हणून मला वाटतं की ते वाक्य म्हणताना तो लढाही त्यांच्या नजरेसमोर असावा. हे शेवटचं मात्र माझं अनुमान, भाषणात तेलंगणाचं नाव नाही. आमच्या गटात नियमच आहे, कागदावर आहे ते एका रंगाने लिहायचं आणि आपण काढलेलं दुसऱ्या रंगाने.

त्या मुलाला काय सांगायचं ते मी सांगत नाही. फक्त दुसरी सूचना त्याला मोठ्याने वाचायला द्या, धर्मात भक्ती मोक्षाचा मार्ग असेल पण राजकारणात भक्ती म्हणजे अधोगतीचा आणि शेवटी हुकूमशाहीचा रस्ता, ती.

—

शब्दवेडी

मी थोडा वेगळा सूर लावतेय, राग मानू नका. मी शाळेत असताना वक्तृत्व स्पर्धेत हीच भाषणं पाठ करून म्हणायचे आणि अंगावर काटा यायचा. त्या काट्यामुळेच मी पुढे वाचत गेले. आधीच मुलं वाचत नाहीत, त्यात प्रत्येक वाक्याखाली हा कुठला पुरावा, तो किती मजबूत असं करायला लावलं तर भाषणाचा जीव जाईल अशी भीती वाटते. काही गोष्टी आधी मनाला भिडू द्याव्यात ना?

—

नदीकाठचा

शब्दवेडी, भिडू द्यायच्याच आहेत. आमच्याकडे नेहमी पहिलं वाचन मोठ्याने आणि न थांबता होतं, कुणीही मध्ये बोलत नाही. पण मला स्वतःला ते विसंगतीचं वाक्य जास्त लागलं ते दुसऱ्या वाचनात, जेव्हा कळलं की तीन वर्षं राबून बांधलेलं घर लोकांच्या हाती देताना हा माणूस त्याच दिवशी त्यातली भेग दाखवतोय. पहिल्या वाचनात ते नुसतं छान वाक्य होतं.

—

मोडी_वाचणारा

भाषणांबद्दल वर चांगलं आलंय, मी जुन्या पुस्तकाबद्दल लिहितो कारण ताईंनी तेही विचारलंय. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ घ्या, मराठीत यापेक्षा चांगलं साधन या कामासाठी मला तरी माहीत नाही. कोकणातल्या वरसईचा एक गरीब भिक्षुक, दक्षिणा मिळेल म्हणून चुलत्याबरोबर उत्तरेकडे निघतो आणि १८५७ च्या धुमाळीत सापडतो, झाशीच्या वेढ्यात प्रत्यक्ष असतो. मुलं म्हणतील प्रत्यक्षदर्शी आहे म्हणजे सगळं खरं. तिथेच थांबवायचं.

एक प्रसंग सांगतो. वाटेत त्यांना शिपाई भेटतात आणि सांगतात पुढे जाऊ नका, तीन दिवसांत मोठा दंगा होणार आहे. कारण काय तर इंग्रजांनी हिंदू आणि मुसलमान दोघांचा धर्म बुडवायला ८४ कलमं काढली, कलकत्त्याला सगळे राजेरजवाडे बोलावून ती वाचून दाखवली, राजांनी ती धुडकावली आणि रागाने आपापल्या गावी परतले. आता कलकत्त्याला अशी सभा भरली होती याचा हा पुरावा आहे का? नाही, गोडसे तिथे नव्हते, सांगणारे शिपाईही नव्हते, कोर्टवाले साहेब याला ऐकीव म्हणून बाजूला काढतील. पण म्हणून ते पान फेकायचं का? अजिबात नाही. शिपायांमध्ये काय बोललं जात होतं, कशाची धास्ती होती, बंडाचं कारण ते एकमेकांना काय सांगत होते याचा हा पहिल्या प्रतीचा पुरावा आहे. सभेसाठी निकामी आणि अफवेसाठी सोन्यासारखा. पुरावा चांगला की वाईट असं नुसतं विचारून भागत नाही, कशाचा पुरावा हे आधी विचारावं लागतं, आणि एकदा हे मुलांना उमगलं ना की मग ती तुम्हाला हैराण करतील, मी अनुभवाने सांगतो.

दुसरी बाजू लेखकाची. हे सगळं घडलं १८५७-५८ ला, लिहिलं गेलं साधारण पाव शतकाने, आणि छापून आलं १९०७ ला, चिं. वि. वैद्यांनी. वैद्यांनी ते जसंच्या तसं छापलं नव्हतं, भाषेवर आणि मांडणीवर हात फिरवला होता. मूळ हस्तलिखिताला धरून प्रत आली ती दत्तो वामन पोतदारांनी काढली, १९६६ ला. म्हणजे हातात १९०७ ची प्रत असेल तर तुम्ही हेतू कुणाचा शोधताय, गोडशांचा की वैद्यांचा? इंग्रज राज्य असताना १८५७ वर मराठीत पुस्तक छापणाऱ्या संपादकाला कुठलं वाक्य ठेवायचं, कुठलं मऊ करायचं हा विचार करावाच लागला असणार. दोन्ही प्रतींतलं एखादं पान शेजारी शेजारी ठेवून बसा, मी पहिल्यांदा बसलो तेव्हा जेवायची शुद्ध राहिली नव्हती.

आणि गोडसे बारीकसारीक किती सांगतात ते बघायला लावा. दक्षिणा किती मिळाली, जेवायला काय होतं, कुठे लुटले गेले. अशा ठिकाणी माणसाला खोटं बोलायचं काही कारण नसतं, म्हणून तो तपशील मला जास्त भरवशाचा वाटतो. मोठ्या लोकांचं वर्णन आलं की जरा सावध व्हायचं.

—

सावित्रीची_लेक

फुल्यांवर पण लोकजागृती लिहिलं होतं ना, म्हणून थोडंसं. त्यांचे दोन मजकूर शेजारी ठेवा, १९ ऑक्टोबर १८८२ चं हंटर कमिशनपुढचं (सरकारच्या शिक्षण आयोगापुढचं) निवेदन आणि पुढच्याच वर्षी पूर्ण झालेला ‘शेतकऱ्याचा असूड’. मुद्दा बराचसा एकच, सरकारचा महसूल रयतेच्या कष्टातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांवर होतो. पण निवेदन इंग्रजीत, सरकारी आयोगापुढे, सूर नम्र, आणि पुरावा म्हणून ते आधी स्वतःचा अनुभव ठेवतात, मुलींची शाळा काढली, मग महार-मांग मुलांसाठी शाळा काढल्या, त्यांत कित्येक वर्षं काम केलं. म्हणजे मी बोलतोय ते ऐकीव नाही. आणि मागणी अगदी नेमकी, प्राथमिक शिक्षण निदान १२ वर्षांपर्यंत सक्तीचं करा, गावच्या शिक्षकाचा पगार वाढवा. असूडमध्ये मात्र शेतकऱ्याच्या अंगावरच्या लंगोटीपासून घरातल्या भांड्यांपर्यंत वर्णन येतं आणि भाषा चाबकासारखी. आयोगाला काय करायचं ते सांगायचं होतं, इथे शेतकऱ्याला त्याचं स्वतःचं घर दाखवायचं होतं. दोन्हीला लोकजागृती म्हटलं तर निवेदनावर मोठा अन्याय होतो, कारण त्यात लोकांना जागं करायचंच नाहीये, सरकारकडून काम करून घ्यायचंय. मला तर ते निवेदन वाचताना दरवेळी वाटतं की हा माणूस किती शिस्तीने आपला राग आवरून बसलाय.

—

बारावीची_बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. लगेच लिहिलं नाही कारण आधी वर्गात करून बघायचं होतं, तीन आठवडे गेले.

नदीकाठचा यांच्यासारखं केलं, भाषण गोळा करून घेतलं आणि फळ्यावर फक्त आरोप लिहिले. मग विचारलं, तुम्ही मसुदा समितीचे अध्यक्ष असता तर काय उत्तर दिलं असतं. मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला की मी हिशोब मांडला असता, बाकीच्यांना किती वेळ लागला ते विचारलं असतं. त्याने आधीच्या वेळी भाषण नीट वाचलंच नव्हतं! झेरॉक्स परत दिल्या आणि त्यालाच तो भाग वाचायला लावला, त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मग दोन रंगांच्या पेनांचा नियम घातला. त्यामुळे पहिल्यांदाच असं झालं की मुलं आपापसात भांडायला लागली, हे निळ्याने नाही लिहायचं, हे तुझं डोकं आहे, कागदावर कुठंय दाखव.

हेतू कशावरून ठरवणार म्हणणाऱ्या मुलीला टिळकांचं पोस्टकार्ड दिलं. तिने दोन्ही अर्थ लिहिले आणि खाली लिहिलं की स्फोटकांच्या कायद्याची तारीख आणि कार्डाची तारीख कळल्याशिवाय मी ठरवणार नाही. मी पूर्ण मार्क दिले.

आता तो मुलगा. त्याला भक्तीची सूचना वाचायला दिली, त्याने वाचली, आणि काहीच बोलला नाही. मला वाटलं दुखावला. चार दिवसांनी दोन पानं लिहून आणली. त्याने पाच दाखल्यांतला जयचंदाचा उचलला होता. लायब्ररीत शोधलं तर घोरीला बोलावल्याची गोष्ट त्या काळच्या साधनांत मिळत नाही, ती पुढच्या काळातल्या चारणी परंपरेतून आलेली दिसते, आणि जयचंद स्वतः ११९४ मध्ये चंदावरला घोरीच्याच फौजेशी लढताना मारला गेला. मग त्याने महाराजांचा दाखला घेतला आणि लिहिलं की हा पक्का आहे, मिर्झाराजा जयसिंग मोगलांकडून आला, १६६५ चा पुरंदरचा तह झाला, २३ किल्ले गेले, हे सगळं कागदोपत्री आहे. खाली दुसऱ्या रंगाच्या पेनाने, "जयचंदाचा दाखला काढला तरी बाबासाहेबांचं म्हणणं उभं राहतं. त्या वेळी जयचंदाची गोष्ट सगळेच खरी मानत असतील, सभेतल्या लोकांना ती लगेच कळली असेल म्हणून घेतली असावी." ते ‘असावी’ वाचून मी कितीतरी वेळ वही मिटलीच नाही. त्याचा आदर कुठेही कमी झालेला नाही, उलट आता तो मूळ इंग्रजी भाषण मागतोय, भाषांतरात काही सुटलंय का ते बघायचंय म्हणतो.

एका मुलीने अमेरिकेवर बोट ठेवलंय. बाबासाहेब म्हणतात की त्या देशांना दुरुस्त्यांना तोंड द्यावं लागलं नाही, मांडलं तसं मंजूर झालं. ती म्हणते फिलाडेल्फियाला २५ मे ते १७ सप्टेंबर १७८७ बंद दाराआड एवढे वाद झाले आणि १७९१ ला लगेच दहा दुरुस्त्या जोडाव्या लागल्या, मग हे बरोबर कसं? मी तिला म्हटलं की आधी त्या वाक्यात ‘दुरुस्ती’ शब्द कुठल्या अर्थाने आलाय ते शोध, सभागृहात मसुद्यावर आलेल्या सूचना की नंतर घटनेत केलेले बदल, आणि मग फिलाडेल्फियाच्या वादांना त्यातलं काय म्हणायचं ते तू ठरव. ती अजून शोधतेय.

पुढच्या महिन्यात गोडसे घेणार आहे. आमच्या लायब्ररीत वैद्यांची प्रत आहे, पोतदारांची नाही. कुणाकडे असेल तर झाशीच्या वेढ्याच्या सुरुवातीची चार-पाच पानं फोटो काढून पाठवाल का? मुलांना दोन्ही शेजारी ठेवायच्यात.

—

मोडी_वाचणारा

माझ्याकडे आहे. रविवारी काढून पाठवतो, ८४ कलमांचं पान पण टाकतो.